कुरवांचे वलय : एका लाडक्या उदाहरणाची झडती

एका जातीच्या दोन जाती होताना वर्गात दाखवता येत नाहीत. हरभरा रुजताना दाखवता येतो, बेडकाची अंडी बरणीत ठेवून बेडूकमासे होताना दाखवता येतात. जातिउद्भव पाहायचा तर हजारो वर्षे बसून राहावे लागेल. म्हणूनच उत्क्रांतीवर लिहिणाऱ्यांना असे एखादे उदाहरण फार प्रिय असते, की ज्यात काळाचा तो लांबलचक पट जमिनीवर अंथरून ठेवल्यासारखा दिसतो. नकाशावर बोट फिरवत गेले, की जातिउद्भव समजलाच. युरोपच्या किनाऱ्यावरील दोन समुद्रपक्ष्यांचे, हेरिंग गल आणि लेसर ब्लॅक-बॅक्ड गल यांचे, उदाहरण या प्रकारचे आहे. उत्क्रांतीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ते साठ-सत्तर वर्षे ठाण मांडून आहे. तेथून ते शिक्षकांसाठीच्या हस्तपुस्तिकांत, व्याख्यानांत आणि प्रश्नमंजूषांतही उतरते.

हे उदाहरण ज्या रूपात सांगितले जाते त्या रूपात ते खरे नाही, असे आमचे म्हणणे आहे. हा शोध आमचा नव्हे. २००४ सालीच तो प्रसिद्ध झाला. तरीही जुनी गोष्ट तशीच सांगितली जाते. म्हणून ती एकदा नीट तपासून पाहावी, असे आम्हाला वाटले. या तपासणीत दोन्ही पक्ष्यांचीही चांगली ओळख होते, हा एक वेगळाच लाभ.

आधी शब्दांविषयी थोडेसे. कुरव म्हणजे इंग्रजीत ज्यांना गल म्हणतात ते पक्षी. वृत्तपत्रे हल्ली 'प्रजाती' हा शब्द सर्रास वापरतात. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकात मात्र वर्गीकरणाच्या पायऱ्यांमध्ये 'प्रजाती' ही वरची पायरी आणि 'जाती' ही तिच्या खालची. आम्ही पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहीत आहोत. लेखात 'जाती' हा शब्द वारंवार येणार असल्याने हा खुलासा आवश्यक वाटला.

आता पक्ष्यांकडे वळू. दोन्ही कुरव आकाराने साधारण आपल्या घारीएवढे. दोघांचे डोके, मान व पोट पांढरे, चोच पिवळी आणि खालच्या चोचीच्या टोकाजवळ लाल ठिपका. पिल्ले या ठिपक्यावर चोच मारतात आणि आईबाप गिळलेले अन्न बाहेर काढून त्यांना भरवतात. दोघेही जमिनीवर घरटे करतात, बहुधा तीन अंडी घालतात आणि सुमारे चार आठवडे उबवतात. अंडी तर इतकी सारखी असतात, की घरट्यावरचा पक्षी पाहिल्याशिवाय ती कोणाची हे सांगणे कठीण.

फरक पाठीवर आणि पायांत आहेत. हेरिंग गलची पाठ फिकट राखी, जवळजवळ चांदीसारखी, पाय गुलाबी आणि डोळ्याभोवतीचे कडे पिवळसर. लेसर ब्लॅक-बॅक्डची पाठ ब्रिटनमध्ये पाटीच्या दगडासारखी गडद राखी, तर बाल्टिक समुद्राकडे जवळजवळ काळी; पाय पिवळे, डोळ्याभोवतीचे कडे लाल. त्याची अंगकाठी सडपातळ आणि पंख प्रमाणाने लांब असतात. या लांब पंखांचा संबंध त्याच्या प्रवासी स्वभावाशी आहे. हेरिंग गल हिवाळ्यात फारसा दूर जात नाही. लेसर ब्लॅक-बॅक्ड मात्र स्पेन, पोर्तुगाल आणि वायव्य आफ्रिकेपर्यंत उतरतो. बाल्टिककडचे पक्षी तर पूर्व आफ्रिकेतील सरोवरांपर्यंत जातात. अन्नाच्या बाबतीतही दोघांनी जणू वाटणी करून घेतली आहे. हेरिंग गल ओहोटीच्या पट्ट्यातला. खेकडे, शिंपले, मासळी बंदरावरचा टाकाऊ माल आणि शहराचा उकिरडा ही त्याची मैदाने. शिंपला फुटला नाही तर तो उंच उडून खडकावर टाकायचा, हे त्याचे तंत्र प्रसिद्ध आहे. लेसर ब्लॅक-बॅक्ड मासे पकडायला समुद्रात बराच आत जातो आणि शेतात कीटक व गांडुळेही वेचतो. घरट्यासाठी पहिल्याला कडे-कपारी व उघडी जागा अधिक पसंत, दुसऱ्याला सपाट, गवत-झुडपांची. एकाच बेटावर दोघांच्या वसाहती शेजारी शेजारी असतात आणि कित्येक ठिकाणी त्या एकमेकींत मिसळलेल्याही असतात. तरीही मिश्र जोड्या क्वचितच सापडतात. थोडक्यात, ब्रिटनच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर या दोन वेगळ्या जाती आहेत याविषयी कोणालाही शंका येऊ नये.

आणि येथेच ती प्रसिद्ध गोष्ट सुरू होते. ब्रिटनमधून पश्चिमेकडे निघा, असे लेखक सांगतो. अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत गेलात तर तेथेही हेरिंग गल भेटतो, किंचित वेगळा. आणखी पश्चिमेला बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून सैबेरियात शिरा. तेथे व्हेगा गल, थोडा गडद. सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याने पश्चिमेकडे सरकत राहा. पाठ गडद होत जाते, पाय पिवळे होत जातात, ह्यूग्लिनचा गल भेटतो, आणि शेवटी उत्तर युरोपात पोहोचलात की समोर लेसर ब्लॅक-बॅक्ड उभा! प्रत्येक ठिकाणचा पक्षी शेजाऱ्याशी जोडी जमवतो. फक्त वर्तुळाची दोन टोके जेथे भेटतात तेथे, म्हणजे युरोपात, ते एकमेकांना परके मानतात. अशा साखळीला 'वलय-जाती' म्हणतात. मग वाचकाला विचारले जाते : या एक जाती की दोन?

गोष्ट सुरेख आहे हे मान्य केलेच पाहिजे. ती सर्वदूर नेण्याचे श्रेय मुख्यतः एर्न्स्ट मायर यांच्याकडे जाते. १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी या कुरवांचा इतिहासही कल्पिला. मूळ पूर्वज अरल-कास्पियन भागातले. तेथून एक शाखा उत्तर व पश्चिमेकडे जाऊन लेसर ब्लॅक-बॅक्ड झाली, दुसरी पूर्वेकडून पॅसिफिकला, तेथून अमेरिकेत, आणि शेवटी अटलांटिक ओलांडून युरोपात हेरिंग गल म्हणून उतरली. म्हणजे दोन चुलतभाऊ पृथ्वीला विरुद्ध बाजूंनी वळसा घालून एकाच अंगणात आले आणि त्यांनी एकमेकांना ओळखले नाही. ज्यांच्यात आपसांत प्रजनन होते किंवा होऊ शकते आणि इतर गटांशी होत नाही ती एक जाती, ही जी व्याख्या आपण शिकवतो तिचा प्रसारही मायर यांनीच केला. व्याख्या आणि तिला चकवणारे उदाहरण एकाच लेखणीतून आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या सिद्धांताच्या कडा कुठे विरघळतात हे स्वतःच दाखवणारा शास्त्रज्ञ विरळा.

मायर यांच्या हाती काय साधने होती, तेही पाहू. संग्रहालयांत पेंढा भरून ठेवलेली कातडी, त्यांवरील रंग, मोजमापे आणि नकाशे. डीएनएची रचना १९५३ साली उलगडली. तिची अक्षरे वाचायची पद्धत त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी आली. रंगांच्या क्रमावरून त्यांनी बांधलेला तर्क तेव्हाच्या पुराव्याला धरून होता. आमची तक्रार मायर यांच्याविषयी नाही. तर्काला जे 'सिद्ध झालेले' म्हणून शिकवत राहिले, त्यांच्याविषयी आहे.

गोष्टीचा पहिला कच्चा दुवा म्हणजे 'दोन टोके एकमेकांशी प्रजनन करू शकत नाहीत' हे वाक्य. 'करत नाहीत' आणि 'करू शकत नाहीत' यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते याच दोन पक्ष्यांवरील एका प्रयोगाने उत्तम दाखवले आहे. १९६० च्या दशकात एम. पी. हॅरिस यांनी वेल्सच्या किनाऱ्याजवळील स्कोकहोम व स्कोमर या बेटांवर दोन्ही जातींची अंडी अदलाबदल करून एकमेकांच्या घरट्यांत ठेवली. शेकडो पिल्ले परक्या आईबापांनी वाढवली. पुढे दोन गोष्टी दिसल्या. लेसर ब्लॅक-बॅक्डने वाढवलेले काही हेरिंग गल पालक आईबापांप्रमाणे दक्षिणेला फ्रान्स, स्पेन व पोर्तुगालपर्यंत गेले. उलट हेरिंग गलने वाढवलेले लेसर ब्लॅक-बॅक्ड मात्र घरी राहिले नाहीत, ते आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे निघूनच गेले. म्हणजे एकाच्या बाबतीत संगतीचा परिणाम झाला, दुसऱ्याच्या बाबतीत उपजत ओढ वरचढ ठरली. दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. ही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी जोडीदार निवडला तो पालक आईबापांसारखा दिसणारा. मिश्र जोड्या जमल्या, अंडी उबली, संकर पिल्ले वाढली.

दोन जातींमधली भिंत शरीरात नाही. ती बऱ्याच अंशी लहानपणी पाहिलेल्या चेहऱ्याच्या ठशात आहे, असाच याचा अर्थ होतो. आमच्या मते सगळ्या गोष्टीत शिकवण्याजोगा सर्वात मोलाचा भाग हा प्रयोग आहे. पण वलयाच्या नकाशाखाली तो बहुधा दिसत नाही, कारण तो आला की 'टोके पूर्ण वेगळी' हे चित्र थोडे डगमगते.

दुसरा दुवा रंगाचा. नकाशावर फिकट ते गडद अशी ओळ लावली की नाते आपोआप सिद्ध झाल्यासारखे वाटते. पण कुरवांत पाठीचा रंग हा नात्याचा भरवशाचा पुरावा नाही. ग्रेट ब्लॅक-बॅक्ड गल हा अटलांटिकच्या दोन्ही काठांवर राहणारा धिप्पाड कुरव. त्याची पाठ काळी, पाय गुलाबी. वलयाच्या चित्रात त्याला जागाच नाही. पण डीएनए पाहिल्यावर तो याच गोतावळ्यातला निघाला. दक्षिण गोलार्धात केल्प गल नावाचा काळ्या पाठीचा कुरव आहे, तो लेसर ब्लॅक-बॅक्डचा जवळचा नातेवाईक ठरला. त्यालाही उत्तर ध्रुवाभोवतीच्या वलयात बसवता येत नाही. पायांचे म्हणाल तर बाल्टिकच्या आसपास काही हेरिंग गल पिवळ्या पायांचेच असतात. भावंडांचे नाते नाकावरून ओळखायला जावे आणि शेजारच्या वाड्यातल्या मुलालाही तेच नाक असावे, तसा हा प्रकार.

मुख्य आघात झाला तो २००४ साली. डोरिट लीबर्स, पीटर दे क्नाइफ आणि आंद्रेआस हेल्बिग यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कुरवांच्या २१ प्रकारांच्या तंतुकणिकांतील डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. (तंतुकणिका म्हणजे पेशीतील मायटोकाँड्रिया, त्यांतील डीएनए आईकडून पिल्लाकडे जाते, त्यामुळे आजी-पणजीची वंशरेषा मागे शोधणे सोपे जाते.) निष्कर्ष लेखाच्या शीर्षकातच होता : हेरिंग गलचा गट ही वलय-जाती नव्हे.

त्यांना आढळले ते असे. या गटाचे उगमस्थान एक नसून दोन आहेत. एक अरल-कास्पियन भागात, दुसरे ईशान्य अटलांटिकच्या काठी. लेसर ब्लॅक-बॅक्ड पहिल्या घराण्यातला आहे, इथवर मायर यांचा अंदाज बरोबर. पण युरोपचा हेरिंग गल अमेरिकेहून आलेलाच नाही. अमेरिकेतील हेरिंग गल हा पूर्व आशिया व पॅसिफिककडच्या कुरवांचा सोयरा. युरोपातल्या आपल्या नावबंधूशी त्याचे तसे जवळचे नाते नाही. दोघे दिसायला सारखे, म्हणून एकाच नावाखाली मांडले गेले. युरोपच्या हेरिंग गलचे घराणे अटलांटिकच्याच काठचे. शिवाय त्याच्यात दुसऱ्या घराण्याचेही डीएनए मिसळलेले आढळले, म्हणजे पूर्वी कधीतरी संकर झाला असला पाहिजे. एकूण काय, वलयाचा अटलांटिकवरचा सांधा कधी जुळलाच नव्हता. आणि या गटातील बहुतेक भेद निर्माण झाले ते लांबलचक साखळीत हळूहळू नव्हे, तर गट एकमेकांपासून तुटून वेगळे पडल्यामुळे. जातिउद्भवाचा हा तर अगदी नेहमीचा मार्ग. भौगोलिक अलगतेचा जो मुद्दा आपण एरवीही शिकवतो, तोच येथे लागू पडला.

तंतुकणिकांतील डीएनए ही केवळ आईची बाजू, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. त्याच गटाशी संबंधित संशोधकांनी २०१० साली केंद्रकातील डीएनएही तपासले. त्यातून वलय पुन्हा जिवंत झाले नाही. या कुरवांत पूर्वी आणि आजही जातींच्या सीमा ओलांडून बराच संकर होतो, एवढे मात्र अधिक स्पष्ट झाले. नामावळ्याही हळूहळू बदलल्या. अमेरिकन पक्षिवैज्ञानिकांच्या संस्थेने २०२४ साली आपल्या यादीत अमेरिकन हेरिंग गल, युरोपियन हेरिंग गल आणि व्हेगा गल यांना वेगवेगळ्या जाती म्हणून मान्यता दिली.

मग गोष्ट का टिकली? एक कारण म्हणजे तिचे चित्र. वर्तुळ, बाण आणि सहा-सात पक्षी एवढे छापले की पान भरते आणि अर्थही पोहोचतो. नव्या शोधाचे चित्र काढायला गेले तर दोन उगम, आडवेतिडवे बाण आणि मध्ये संकराच्या तुटक रेषा. फळ्यावर ते काढता काढता तास संपेल. दुसरे कारण असे, की लेखक मूळ शोधनिबंधाऐवजी आधीच्या पुस्तकावरून लिहितात. रिचर्ड डॉकिन्स यांच्यासारख्या काटेकोर लेखकाच्या २००४ सालच्या 'द अँसेस्टर्स टेल' या पुस्तकातही या दोन कुरवांचे वलय आले आहे; शोधनिबंध त्याच वर्षाचा, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. त्यानंतर लिहिणाऱ्यांना ही सवलत नाही.

पुस्तकात शिरलेली गोष्ट कशी गुळगुळीत होत जाते, याचे आणखी एक उदाहरण याच हेरिंग गलचे आहे. वर ज्या लाल ठिपक्याचा उल्लेख केला, त्यावरील निको टिनबर्गेन यांचे प्रयोग वर्तनशास्त्रात अभिजात मानले जातात. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. पण मूळ नोंदींत पिल्लांनी लाल ठिपक्यापेक्षा काळ्यावर अधिक चोची मारल्या होत्या. प्रयोगाच्या मांडणीतील एका दोषामुळे असे झाले हे ओळखून टिनबर्गेन यांनी आकड्यांत दुरुस्ती केली. पुढच्या लेखनातून मात्र त्या दुरुस्तीची हकिकत गळून पडली आणि नुसता नीटस आलेख उरला. २००९ साली कारेल टेन काटे व सहकाऱ्यांनी हे सारे उजेडात आणले आणि प्रयोग पुन्हा केला. टिनबर्गेन यांचे म्हणणे खरेच होते, पिल्लांचा ओढा लालकडेच! येथे उत्तर बरोबर निघाले. वलयाच्या बाबतीत तसे झाले नाही. दोन्हीकडे तपासणी करावी लागली ती मूळ कागद उघडूनच.

काही शिक्षक मित्रांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे, की गोष्ट शब्दशः खरी नसली तरी कल्पना समजावण्यापुरती ती वापरायला काय हरकत? गणितात 'समजा, एका टाकीला दोन नळ आहेत' म्हणतो तसेच. आम्हाला हे पटत नाही. टाकीचे उदाहरण देताना 'समजा' म्हटलेले असते. येथे पक्ष्यांची खरी नावे, खरे समुद्र आणि खरा नकाशा दिलेला असतो. ते निसर्गाविषयीचे विधान असते. उद्या नववीतली एखादी मुलगी वाचनालयातून नवे पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "सर, हे तर चुकीचे ठरले आहे ना?" तर 'समजा'ची पळवाट उपयोगी पडणार नाही. २०२३ साली राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि त्यावर देशभर शास्त्रज्ञांनी नापसंती व्यक्त केली, हे वाचकांना आठवत असेल. या विषयाला मिळणारी पाने आणि तास असे हातातून निसटू शकतात. अशा वेळी हाती असलेल्या तासात सांगितलेले उदाहरण तरी पक्के हवे. उलट, 'उत्क्रांतीचे एक उदाहरण चुकले असे कबूल केले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल' ही भीतीही अनाठायी आहे. उत्क्रांती मानणाऱ्यांनीच ते उदाहरण उत्क्रांतीच्या पद्धतींनी तपासले आणि त्या जागी उत्क्रांतीचाच दुसरा, अधिक पुराव्याचा इतिहास मांडला.

वलय-जातीची कल्पनाच टाकाऊ आहे काय? तसे म्हणता येत नाही. तिबेटच्या पठाराभोवती राहणारा हिरवट वटवट्या हा तिचा चांगला दावेदार. हा चिमणीहून लहान पक्षी हिवाळ्यात भारतभर झाडांच्या शेंड्यांत 'चिसुवी' असा बारीक आवाज काढत फिरतो. महाराष्ट्रातील शाळांच्या आवारातही तो येतो. पठाराला वळसा घालून सैबेरियात भेटणारी त्याची दोन टोके एकमेकांच्या गाण्याला प्रतिसाद देत नाहीत, हे डॅरेन अर्विन यांनी ध्वनिमुद्रित गाणी ऐकवून दाखवले आणि २००१ साली प्रसिद्ध केले. २०१४ साली संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात मात्र या साखळीतही पूर्वी काही ठिकाणी खंड पडल्याच्या खुणा मिळाल्या. तेव्हा हेही उदाहरण वापरावे, पण त्या खुणांसकट.

कुरवांचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो, तो सोडून चालणार नाही. वलयाच्या नकाशात जो ह्यूग्लिनचा गल सैबेरियाच्या बाजूला दाखवतात, तो उत्तर रशियाच्या टुंड्रात वीण करतो आणि हिवाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरतो. त्याचाच थोडा फिकट भाऊबंद, स्टेपी गल, नैऋत्य सैबेरिया व उत्तर कझाकस्तानच्या सरोवरांवरून येतो. आज या दोघांना बहुधा लेसर ब्लॅक-बॅक्डच्याच उपजाती मानतात. जुन्या भारतीय पक्षिग्रंथांत मात्र आपल्याकडील अशा मोठ्या कुरवांची नोंद हेरिंग गल म्हणून केलेली आढळते. म्हणजे युरोपात ज्या दोन जातींविषयी कोणाला शंका येत नाही, त्यांच्यातली रेघ कोकणात येईपर्यंत पुस्तकांनीच दोनदा आखली.

किनाऱ्यावरील शाळांना हा अभ्यास सहज करता येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हर्णैसारख्या मासळी उतरणाऱ्या बंदरावर किंवा गोव्यात मोरजीच्या वाळूवर कुरवांचे थवे बसलेले असतात. त्यात लहान चणीचे, तपकिरी डोक्याचे व काळ्या डोक्याचे कुरव पुष्कळ असतात. हिवाळ्यात त्यांच्या डोक्याचा रंग जाऊन कानाजवळ नुसता डाग राहतो, त्यामुळे नावावरून ओळखायला जाणारा फसतो. त्यांच्यात एखादा दीडपट मोठा, गडद पाठीचा, पिवळ्या पायांचा दिसला तर तो आपला पाहुणा. विद्यार्थ्यांनी घाईने नाव लिहू नये. पाठीची छटा, पायांचा रंग, डोक्यावरच्या रेघा, शेजारच्या पक्ष्याच्या तुलनेत आकार एवढेच लिहावे, आणि शंभरातले किती पक्षी दोन छटांच्या मध्ये पडतात ते मोजावे. या मधल्या पक्ष्यांचे काय करायचे यावर वर्गात वाद झाला, तर मायर ज्या प्रश्नापाशी होते तेथे विद्यार्थी स्वतःच्या वहीतून पोहोचले असे समजावे. एक पथ्य पाळावे : पहिली तीन वर्षे या मोठ्या कुरवांची पिसे तपकिरी-ठिपकेदार असतात, अशा पोरवयातील पक्ष्यांना या मोजणीत धरू नये.

जुन्या गोष्टीत पक्षी अमेरिकेतून युरोपात आले होते. प्रत्यक्षात आज वाहतूक उलट दिशेने चालू दिसते. लेसर ब्लॅक-बॅक्ड गल विसाव्या शतकात आइसलंडमध्ये स्थायिक झाला, १९९० च्या सुमारास ग्रीनलंडमध्ये वीण करू लागला आणि आता उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो हिवाळ्यात मोठ्या संख्येने दिसतो. २००४ च्या निबंधाच्या लेखकांनीही नोंदवले होते, की वलय मिटायचेच असेल तर ते या बाजूने मिटेल. २००७ साली अमेरिकेतील मेन राज्याच्या ॲपलडोर बेटावर एका लेसर ब्लॅक-बॅक्डने तेथील हेरिंग गलशी जोडी जमवून घरटे केल्याचे आढळले.